वाटेत कुठं थांबू नकोस

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की माझं डोकं फिरतं. उन्हामुळे अंगणातल्या नळाला हात लावायची सोय राहत नाही, माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत, आणि बघावं त्या गच्चीवर काहीतरी वाळत घातलेलं असतं. मिरच्या, आमसुलं, पापड, कुणाचे बोंबील. हे आगोटीचे दिवस. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी ऊन आहे तोवर घरात भरून ठेवायची, तिला आमच्याकडे आगोट म्हणतात. एकदा होड्या वर ओढल्या आणि रस्ते बंद झाले, की जे घरात असेल तेच ताटात. आता हे सगळं जुनं झालं. मी अलिबागला राहते, शाळेत शिकवते, आणि घरापासून पाच मिनिटांवरच्या दुकानात मला भर श्रावणातही सुकवलेल्या कोलंबीचे सोडे मिळतात, तेही बंद पाकिटात. पण हे माझ्या वडिलांना सांगणार कोण?

आणि यंदा त्याच वडिलांचा, नानांचा, फोन आला. "सुले, शनिवारी येतेस ना मला न्यायला? सरळ ये. वाटेत कुठं थांबू नकोस."

मी म्हटलं, "आणि आगोट?"

"काय करायचीय आता आगोट? तुझ्याकडंच येनार ना मी."

हे वाक्य ऐकायला मी तीन वर्षं देव पाण्यात घालून बसले होते. आई गेल्यापासून नाना हरिहरेश्वरच्या अलीकडच्या आमच्या गावात एकटे राहतात. वय ऐंशीच्या घरात, डावा गुडघा केव्हाच रुसलेला, आजूबाजूची घरं बहुतेक मुंबईकरांची, म्हणजे गणपतीचे दिवस सोडले तर कुलूपबंद. पावसाळ्यात तरी माझ्याकडे या, म्हणून मी किती घसा कोरडा केला असेल. आणि आता ते आपणहून येतो म्हणाले, तर आनंद व्हायचा सोडून मला राग आला. असा राग, की फोन ठेवून मी घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

राग कसला, ते कळायला एकदा नानांना शेजारी बसवून त्या रस्त्याने गाडी चालवायला हवी. देव करो आणि ती वेळ कुणावर न येवो.

अलिबाग ते आमचं गाव म्हणजे, फेरीबोट वेळेवर मिळाली तर, साडेचार तास. नानांबरोबर नऊ. नानांनी चाळीस वर्षं या रस्त्यावर स्वतःचा टेम्पो चालवला. गावाहून निघताना नारळ-सुपारी, आणि परत येताना गावाने सांगितलेलं वाट्टेल ते. त्यामुळे कुठे काय मिळतं ते त्यांना पाठ, आणि त्यांच्या मते ते फक्त तिथेच मिळतं. पांढरा कांदा अलिबागची हद्द सोडायच्या आत, कडवे वाल चौलला एका ठरावीक घराच्या पडवीत, सोडे मुरुडच्या कोळीवाड्यात चांगुणाकडून, सुपारी श्रीवर्धनला. मध्ये कुणी तीच वस्तू फुकट हातात कोंबली तरी घेणार नाहीत. शिवाय प्रवासभर शेजारच्या सीटवर बसून ब्रेक मारतात. त्या बाजूला ब्रेक नसतो, हे त्यांना अजून पटलेलं नाही. वळण आलं की त्यांचा उजवा पाय दणकन खाली जातो आणि माझा जीव वर येतो.

याच रस्त्यावर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. नागावला उंटावर बसायचं, काशीदला शहाळं प्यायचं, मुरुडला किल्ल्याकडे बोट दाखवत फोटो काढायचा. समुद्र दिसला की ही मंडळी थांबतात. नानांनी समुद्रासाठी गाडी थांबवल्याचं मला आठवत नाही. एकदा काशीदच्या अलीकडे वळणावर, खाली निळंशार पाणी, कडेला सुरूची झाडं, मी मोठ्या हौसेने म्हटलं, "नाना, उतरू या का दोन मिनिटं?"

"कशाला? काय इकायला ठेवलंय तिथं?"

झालं. हौस तिथल्या तिथे जिरली.

गेल्या वर्षी मात्र मी ठरवूनच निघाले होते. होळीनंतर नाना डोळे दाखवायला अलिबागला आले होते, ते दोन महिने राहिले. त्या दिवसांत मी रोज एकच धोशा लावला. मे संपता संपता जाऊ, दोन दिवस राहू, घर नीट बंद करू, तुमचे कपडे घेऊ आणि परत येऊ. पावसाळा माझ्याकडे. नाना म्हणाले, "बघू." आता पन्नाशीला आलेल्या बाईला आपल्या बापाच्या 'बघू'चा अर्थ कळू नये? पण नाही. मी खूश होऊन त्यांच्यासाठी मागच्या खोलीत नवीन पलंग टाकला.

आणि निघाल्यापासून हे सुरू. गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच, "थांबव." रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या. नाना उतरले, माळ हातात घेऊन आतले कांदे चाचपू लागले, कांदेवालीशी वाद घालू लागले. मी आतून ओरडले, "अहो नाना, परवा याच रस्त्याने परत यायचंय आपल्याला! तेव्हा घेऊ! आता कशाला ओझं न्यायचं आणि परत आणायचं?" ऐकू आलं नसल्यासारखं करून त्यांनी चार माळा मागच्या सीटवर टाकल्या. चौलला वाल. तिथे पडवीत बसून सरबत, घरच्या सगळ्यांची विचारपूस, कुणाची सून कुठे नोकरीला लागली याची चौकशी. मी गाडीत शिजत होते. एसी लावायचा नाही, कारण नानांना वारा नाकाने हुंगायचा असतो.

मुरुडला तर कहर. चांगुणा म्हणजे नानांची चाळीस वर्षांची भांडणाची गिऱ्हाईक, म्हणजे खरं तर गिऱ्हाईक नाना, पण ऐटीत ती. आता तीही सत्तरीची, कपाळावर आडवं कुंकू, समोर टोपल्या. नाना एक सोडा उचलणार, कानाशी नेऊन मोडणार, कट असा आवाज आला तरच मान हलवणार. नाही आला की, "ह्याला अजून दोन उन्हं हवीत. पानी इकतेस काय?" त्यावर चांगुणा नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. मग नाना उठून चालायला लागणार, चार पावलं गेल्यावर ती हाक मारणार, "आगो सुले, बापाला तुझ्या फिरव मागं!" हा तमाशा मी लहानपणापासून बघत आले आहे. दोघांनाही त्याचा अजून कंटाळा येत नाही. मला येतो. त्यापायी आमची फेरीबोट चुकली आणि पुढच्या बोटीपर्यंत आम्ही जेट्टीवरच्या पत्र्याच्या शेडखाली वाळत बसलो.

खाडी ओलांडून दिघीला उतरलं की पुढचा रस्ता वेगळाच. दिवेआगर मागे पडलं की श्रीवर्धनपर्यंत एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नुसता कातळ. मेमध्ये तिथे गवताची काडी हिरवी सापडायची नाही. पिवळं, तांबडं, काळं, आणि वर पांढरं आभाळ. मैलोन् मैल सावली नाही, चहाची टपरी नाही, मोबाइलला रेंज नाही. लोक पैसे खर्चून वाळवंट बघायला का जातात कोण जाणे, आमच्याकडे या म्हणावं मे महिन्यात. आणि नाना नेमके इथे, जिथे विकत घेण्यासारखं काहीही नाही, गाडी थांबवायला लावतात.

ही जागा मला टेम्पोतल्या दिवसांपासून माहीत. मी आठ-नऊ वर्षांची असेन, सुट्टीत नानांबरोबर फेरीला जायचे. सुक्या मासळीचा, सुपारीचा, डिझेलचा एकत्र वास, आणि पाठीला टोचणारी गोणी. कातळावर नाना इंजिन बंद करायचे. एकदम इतकं शांत व्हायचं की माझ्या कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. ते कडेला जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे, शर्टाचं वरचं बटण काढायचे, वारा कुठून येतो ते गळ्यावर बघायचे. मग येऊन सांगायचे, "अजून बारा दिवस हायत." किंवा, "घाई करायला पायजे." आई म्हणायची, चाळीस वर्षांत ह्यांचा पावसाचा अंदाज एकदा बरोबर आला असेल तर शपथ. पण घरी पोचल्यावर कामाला लागायची ती त्याच अंदाजाने. पाऊस सात दिवसांत येऊन थडकायचा आणि दोघं एकमेकांना बोल लावत अंगणातलं वाळवण आत ओढायचे.

गेल्या वर्षीही नाना तिथे उभे राहिले. मी हॉर्न वाजवला. दोनदा.

घरी पोचलो, दुसऱ्या दिवशी मी सकाळीच त्यांची बॅग भरायला घेतली. बाहेर येऊन बघते तर नाना ओसरीला झडी बांधतायत. झडी म्हणजे झावळ्या विणून केलेले पडदे, पावसाचा मारा आत येऊ नये म्हणून लावतात. बंद करायच्या घराला कुणी झडी बांधतं का? मी स्वयंपाकघरात गेले. आईच्या सात बरण्या, चिनीमातीच्या, ओट्यावर ओळीने, सगळ्या भरलेल्या. सोडे, जवळा, वाल, आमसुलं, मीठ, तिखट, सुपारी. वर फडकी बांधून झालेली. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. परत येताना घेऊ, परत येताना घेऊ म्हणून मी रस्ताभर कंठशोष केला होता, आणि या गृहस्थाला परत यायचंच नव्हतं.

मग आम्ही भांडलो. चांगलं कडाकडा भांडलो. मी म्हटलं, "तुम्हाला काय हवंय तरी काय? माझ्याकडे काय कमी आहे? आराम करा की जरा!"

"केला ना दोन महिने आराम," नाना म्हणाले. "दमलो. तुझ्याकडं सगळं पिशवीतनं येतंय, निवडलेलं, धुतलेलं. मला काय काम हाय तिथं? टीवी बघू?"

"मग राहा इथेच," म्हणाले मी, आणि एकटी परत आले. कांद्याची एक माळ त्यांनी गुपचूप डिकीत ठेवली होती. तिला मी रागाने पंधरा दिवस हात लावला नाही.

जुलैमध्ये चार दिवस त्यांचा फोन लागला नाही. घाटातलं झाड पडलं, खांब पडले, वीज गेली, रस्ता बंद. त्या चार दिवसांत मी शाळेत मुलांना काय शिकवलं ते मला सांगता यायचं नाही. पाचव्या दिवशी फोन लागला तर नाना आरामात, "सोड्याची खिचडी केलीय. तुला कशाला काळजी?" मला हायसं वाटलं आणि पुढच्याच क्षणी त्यांना फोनमधून बाहेर ओढून दोन शब्द सुनवावेसे वाटले. दिवाळीला गेले तेव्हा वाडीतल्या एका वहिनीने सांगितलं, त्या चार दिवसांत नाना मागच्या दारच्या शेवाळावरून घसरले होते. गुडघा धरून पायरीवर तीन तास पावसात बसून होते. मला सांगायचं नाही असं तिला बजावलं होतं.

म्हणून यंदा ते होळीनंतर आले नाहीत. गुडघ्यामुळे बसचा प्रवास झेपणार नव्हता आणि त्यांना मला तसं सांगायचं नव्हतं. आणि म्हणूनच यंदाचा तो फोन. सरळ ये, कुठं थांबू नकोस.

तर शनिवारी मी निघाले. शेजारची सीट रिकामी, काचा बंद, एसी चालू. आहाहा, काय तो प्रवास व्हायला हवा होता! कांद्याच्या माळा दिसल्या, मी सरळ पुढे गेले. शंभर पावलं गेले असेन. मग कुणी सांगितलं नसताना गाडी वळवली, उतरले, माळा घेतल्या. चौलच्या त्या घराला कुलूप होतं, तर शेजारच्या दुकानातून वाल घेतले. रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला, पर्यटकांसाठी मांडलेल्या टेबलावरून जवळा घेतला. मी काय करते आहे हे मला कळत नव्हतं. कुणासाठी घेते आहे? त्यांना आणायलाच तर चालले आहे. माझं मलाच इतकं वैतागायला झालं, की मी एसी बंद करून काच खाली केली.

मुरुडला चांगुणा माझ्या मागे बघत राहिली. "नाना कुठं हाय?"

"गावी. त्यांना न्यायला चाललेय. पावसाळाभर माझ्याकडेच राहणार आता. सोडे द्या, चांगले सुके द्या."

तिने टोपलीवर फडकं ओढलं. "न्हाय द्यायाची तुला."

"का?"

"तुला काय कलतंय त्यातला? ओलं दिलं तरी नेशील, सुकं दिलं तरी नेशील. तुला इकून काय मजा हाय? परत जाताना त्याला घेऊन ये. तो मोडून बघंल, माझ्याशी भांडंल, मंग देईन." आणि थोडं थांबून, नजर दुसरीकडे नेत म्हणाली, "येवढी वर्सा आला. आता तुझ्याकडं पाकीट खानार व्हय?"

मला त्या बाईचा भयंकर राग आला. मग फेरीबोटीवर, कठड्याला धरून उभी असताना, रडू आलं. नाना माझ्याकडे येतो म्हणाले होते, पण येताना सगळं मागे टाकून येणार होते. चांगुणाशी भांडण, पडवीतलं सरबत, कानाशी मोडलेला सोडा. माझ्या नव्या पलंगावर येऊन गप पडून राहायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि मी तीन वर्षं हेच मागत होते.

कातळावर मी थांबले. इंजिन बंद केलं, कडेला गेले, समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. वारा होता. कुठून येत होता, पाऊस किती दिवसांवर आहे, मला काय कळणार, डोंबल! डोळ्यांत धूळ तेवढी गेली.

घरी पोचले तर नाना पायरीवर, इस्त्रीचा शर्ट घालून, शेजारी एकच बॅग. झडी बांधलेल्या नव्हत्या. आत स्वयंपाकघरात सातही बरण्या घासून, पुसून, ओट्यावर फडक्यावर उपड्या घातलेल्या.

"लवकर आली न्हाईस," नाना म्हणाले. "सांगितलं होतं ना कुठं थांबू नकोस म्हनून?"

मी डिकीतल्या पिशव्या आणून त्यांच्यासमोर पायरीवर आपटल्या. त्यांनी एकेक उघडली. कांद्याची माळ हातात घेतली, मधला एक कांदा दाबला. "ह्यात कोंब फुटलेत. आत हात घालून बघायचं ना?" वालाचा दाणा उन्हात धरला. "ह्ये कडवे न्हाईत. कुनी दिले?" जवळा तळहातावर चोळला, फुंकर मारली, तळहात माझ्यासमोर धरला. त्यावर वाळू चमकत होती. "मास्तरीन हायस ना तू? एवढं शिकून काय केलंस?" आवाज चढत चालला होता. इतका खणखणीत आवाज मी दिवाळीनंतर ऐकला नव्हता.

"आणि सोडे?"

"चांगुणा देत नाही म्हणाली."

"देत न्हाय? का?"

"मला काही कळत नाही म्हणाली. तुम्ही येऊन मोडून बघेपर्यंत यंदा कुणालाच विकणार नाही म्हणाली." यातलं शेवटचं मी पदरचं घातलं.

"लय आगाव बाई हाय," नाना म्हणाले. जवळ्याची पिशवी बांधत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्याकडं ठेवनार कुठं हे सगळं? तुझ्या त्या कपाटात बशासुद्धा मावत न्हाईत."

"बशा काढू," मी म्हटलं. "कोण खातंय त्या बशांत?"

"दोन बरण्या पुरतील."

"सातही न्यायच्यात. मला चार महिने तुमच्या हातचं जेवायचंय. मला ते पाकिटातलं नाही आवडत." हे मात्र पदरचं नव्हतं.

नाना उठले. उठताना मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला, आणि लगेच सोडून दिला. आत जाऊन त्यांनी पहिली बरणी सरळ केली. "आईचं लुगडं दे एक गुंडाळायला. आनि हा असला कांदा न्यायचा न्हाय, वाडीत वाटून टाक. जाताना घेऊ चांगला. कुनी येताना घेतं का? जाताना घ्यायचं असतं." वीस वर्षं जे मी ओरडून सांगते आहे, ते या माणसाने मला असं ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सात बरण्या मागच्या सीटवर, लुगड्यांत गुंडाळून. एसी बंद. "सावकाश चालव, बरन्या हायत मागं," हे फाट्यापर्यंत तीनदा ऐकवून झालं. माझं डोकं पुन्हा तापायला लागलं होतं. तेवढ्यात फाट्यावर विकायला मांडलेले खराटे दिसले आणि नाना म्हणाले, "थांबव जरा. तुझ्याकडं खराटा हाय का?"

मी ब्रेक दाबायच्या आधीच त्यांनी तो दाबलेला होता.